उताऱ्यावरचे नाव आणि जमिनीची मालकी

सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याची जमीन, हा समज महाराष्ट्रातील जमिनीच्या कित्येक दाव्यांच्या मुळाशी असतो आणि त्यांतले बरेच दावे या समजापायीच हरले जातात. चावडीवर तो सरळ बोलला जातो. वकिलाच्या टेबलावर त्याला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७चा आधार मिळतो. अलीकडे उताऱ्यावर डिजिटल सही आणि क्यूआर कोड आल्यामुळे त्याला नवा रंग चढला आहे. या समजाची उलटी बाजूही तितक्याच जोरात मांडली जाते: सातबारा म्हणजे रद्दी, कोर्टात त्याला किंमत शून्य. दोन्ही विधाने चुकीची आहेत, आणि दुसरे पहिल्याइतकेच महागात पडते. दिवाणी न्यायालयात मालकी सिद्ध होते ती जमीन ज्या व्यवहारांतून हाती आली त्या व्यवहारांच्या साखळीवरून. उतारा त्या साखळीला बळकटी देतो, तिची जागा घेत नाही.

हा उतारा मुळात कशासाठी जन्मला हे पाहिले की निम्मा वाद मिटतो. मुंबई इलाख्यातील रयतवारी मोजणीची घडी गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ पासून इंदापूर तालुक्यात बसवली. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर, प्रत्येक नंबराला प्रतवारीनुसार आकार, आणि तो आकार भरणारा एक खातेदार, एवढीच सरकारची गरज होती. त्या शेतात कोणाकोणाचे हिस्से आहेत, ते कोणी कोणाकडे गहाण ठेवले आहे, याची मोजणी खात्याला फारशी फिकीर नव्हती. हक्कनोंदणीचा कायदा आला तो त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी, १९०३ मध्ये, आणि पुढे १९१३ मध्ये तो मुंबई जमीन महसूल अधिनियमात सामावला गेला. आजची १९६६ची संहिता त्याच परंपरेतली आहे. गाव नमुना सातमध्ये धारण करणाऱ्याचे नाव, क्षेत्र, आकार आणि इतर हक्क लिहिले जातात, तर बारामध्ये पीक. नमुना सहा हा फेरफाराचा, आठ-अ खात्याचा. ही सगळी नोंदवही झालेला हक्क टिपण्यासाठी आहे. हक्क निर्माण करण्याचे काम कोणत्याही कायद्याने तलाठ्याकडे दिलेले नाही, मग त्याचे पदनाम तलाठी असो वा ग्राम महसूल अधिकारी.

न्यायालयांनी हे इतक्या वेळा सांगितले आहे की त्याबद्दल शंका उरावी याचेच आश्चर्य वाटते. प्रिव्ही कौन्सिलने १९२६ मध्ये अवधच्या एका प्रकरणात फेरफाराची कार्यवाही ही मालकी ठरवणारी न्यायिक कार्यवाही समजण्याच्या सवयीवर कडक शब्दांत टीका केली. महसूल कोणाकडून वसूल करायचा एवढ्यापुरतीच ती चौकशी असते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तीच भूमिका पक्की केली: फेरफार नोंदीने मालकी उत्पन्न होत नाही आणि नष्टही होत नाही, ज्याच्या नावे नोंद झाली त्याला फक्त सारा भरता येतो. मृत्युपत्राच्या आधारे नोंद मागणाऱ्याचा हक्क दुसऱ्याने नाकारला, तर आधी दिवाणी न्यायालयात हक्क ठरवून घ्यावा आणि मग नोंद मागावी, असे २०२१ मध्ये मध्य प्रदेशातील प्रकरणात पुन्हा सांगावे लागले. जवळजवळ शंभर वर्षे तेच उत्तर द्यावे लागत असेल, तर दोष उत्तरात नाही.

यावर कलम १५७ पुढे केले जाते. हक्कनोंदणीतील नोंद आणि प्रमाणित फेरफार, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत किंवा कायदेशीर रीतीने नवी नोंद होईपर्यंत, खरी मानली जाईल, असे ते कलम म्हणते. यातल्या 'खरी मानली जाईल' या शब्दांवर सगळा भर दिला जातो आणि 'विरुद्ध सिद्ध होईपर्यंत' हे शब्द नजरेआड केले जातात. हे खंडनीय गृहीतक आहे. त्याचे काम समोरच्या पक्षाने काहीच पुरावा दिला नाही तर न्यायालयाला एक आरंभबिंदू देणे एवढेच. विरुद्ध बाजूने नोंदणीकृत खरेदीखत सिद्ध झाले, किंवा ज्या दस्तावर नोंद बसली तो दस्तच रद्दबातल असल्याचे दिसले, की गृहीतक संपते. शिवाय नोंद कशावरून झाली हे फेरफारातच लिहिलेले असते. तो आधारच कच्चा असेल, तर सातबारा पन्नास वर्षे जुना असल्याने तो पक्का होत नाही.

फेरफार प्रत्यक्षात कसा होतो हे पाहिल्यावर ही सावधगिरी का आवश्यक आहे ते कळते. दस्त नोंदणी कार्यालयातून सूचना येते किंवा कोणी तरी वर्दी देतो. तलाठी फेरफार नोंदवहीत नोंद लिहितो, चावडीवर प्रत लावतो, हितसंबंधितांना नोटीस काढतो. मुदतीत हरकत आली नाही तर मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हरकत आली तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते आणि संक्षिप्त चौकशीनंतर निर्णय होतो. दस्तावर सही करणाऱ्याची तिथे उलटतपासणी होत नाही, दस्ताच्या वैधतेवर निवाडा करण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्याला नाही. नोटीस पुण्यात किंवा मुंबईत राहणाऱ्या बहिणीला खरोखर पोचली का, हे पुष्कळदा कागदावरच ठरते. 'नोटीस बजावली, हरकत नाही, नोंद मंजूर' या शेऱ्याला मालकीचा निवाडा म्हणणे म्हणजे निकालाआधीच निकाल लावणे होय.

या कच्च्या पायाची सर्वांत ठळक उदाहरणे एकत्र कुटुंबाच्या जमिनीत सापडतात. वडील वारले, थोरल्या भावाचे नाव लागले, नावापुढे ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर अशी अक्षरे पडली. सारा तो भरतो, सोसायटीचे कर्ज त्याच्या नावे निघते. तीस वर्षांनी उतारा संगणकावर चढताना किंवा त्याआधीच्या पुनर्लेखनात ती अक्षरे गळून पडतात, आणि थोरल्याची मुले सांगू लागतात की जमीन एकट्या वडिलांची होती. कित्येक ठिकाणी तर ती अक्षरे मुळातच लिहिलेली नसतात. नोंदीतून शब्द गळाल्याने भावांचे हिस्से गळत नाहीत. सहहिस्सेदारांपैकी एकाचा ताबा हा कायद्याच्या दृष्टीने सगळ्यांचा ताबा असतो. तो फक्त आपला आहे असे म्हणणाऱ्याला इतरांना उघडपणे हक्कातून बाहेर काढल्याचे दाखवावे लागते, हे १९५०च्या दशकापासून सर्वोच्च न्यायालयाचे ठरलेले मत आहे. एकट्याचे नाव उताऱ्यावर असणे हा तसा पुरावा नव्हे.

बहिणींच्या बाबतीत गोष्ट आणखी वाईट. वारस नोंदीच्या वेळी किंवा नंतर कधीतरी 'मला हिस्सा नको, भावांची नावे लावावीत' असा जबाब साध्या कागदावर किंवा स्टँपपेपरवर घेतला जातो आणि बहिणीचे नाव कमी होते, नाहीतर 'इतर हक्क' रकान्यात जाऊन बसते. नोंदणी अधिनियम, १९०८च्या कलम १७ प्रमाणे शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावरातील हक्क सोडणारा दस्त नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदणी नसलेल्या हक्कसोडीवर बसलेला फेरफार कितीही सुवाच्य असला तरी बहिणीचा हिस्सा भावांच्या खिशात टाकत नाही. यावर 'ती घरातली तडजोड होती' असे उत्तर येते. कौटुंबिक व्यवस्था तोंडीही होऊ शकते, सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये तसे मान्य केलेच आहे. पण ती झाली, कोणाकोणात झाली, कोणाला काय मिळाले आणि त्याप्रमाणे सगळे वागले, हे तिचा आधार घेणाऱ्याने सिद्ध करायचे असते. बहिणीला काहीच मिळाले नाही अशी 'तडजोड' न्यायालयाच्या गळी उतरवणे सोपे नसते. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मतः हक्क असल्याचे २०२० मध्ये स्पष्ट झाल्यावर तोंडी वाटपाच्या बचावाची वाट आणखी अरुंद झाली. तो बचाव सार्वजनिक दस्तांच्या आधाराने, अपवाद म्हणूनच ऐकला जाईल, असे त्या निकालात म्हटले आहे. गंमत अशी की तिथे जुने फेरफार आणि संहितेच्या कलम ८५ खालचे वाटप उपयोगी पडतात, म्हणजे नोंदी पुरावा म्हणून जिथे खरोखर मोलाच्या आहेत तिथे त्या मालकी देत नाहीत, वाटप झाल्याचे दाखवतात.

मुदत खरेदीचा प्रकारही ग्रामीण महाराष्ट्रात जुना आहे. कर्जापोटी शेत 'खरेदी' लिहून द्यायचे, ठराविक वर्षांत पैसे परत केले की शेत परत, अशी अट त्याच दस्तात असते. अट त्याच दस्तात असेल, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५८ प्रमाणे तो सशर्त विक्रीच्या रूपातला गहाण ठरू शकतो. उताऱ्यावर मात्र सावकाराचे नाव मालकासारखे झळकत राहते. उतारा पाहून ती जमीन विकत घेणाऱ्याने मालकी विकत घेतलेली असते की गहाणदाराचा हक्क, हे उतारा सांगू शकत नाही, मूळ दस्तच सांगतो.

प्रतिपक्षाचा सर्वांत जोरकस मुद्दा वेगळाच आहे. सरकार स्वतः सातबारा पाहून पीककर्जाला वाट देते, शेतकरी असल्याचा दाखला देते, भूसंपादनाचा मोबदला वाटते. मग सामान्य माणसाने त्याला मालकीचा पुरावा का मानू नये? हा प्रश्न खरा आहे आणि त्यात शासनाची कानउघाडणीही आहे. पण त्याचे उत्तरही शासनाच्याच कायद्यात आहे. भूसंपादनात मोबदला कोणाचा यावर वाद झाला की प्रकरण उताऱ्यावर निकाली निघत नाही, ते १८९४च्या कायद्यात न्यायालयाकडे आणि २०१३च्या कायद्यात प्राधिकरणाकडे पाठवावे लागते. बँकाही मोठ्या कर्जाला केवळ उतारा पुरेसा मानत नाहीत, तीस वर्षांचा शोध अहवाल मागतात. शासन कामाच्या सोयीसाठी उताऱ्यावर भरवसा ठेवते, कारण रोजच्या लाखो प्रकरणांत वाद नसतो. वाद उभा राहिला की सोय संपते.

आता उलट टोक. 'सातबारा रद्दी' म्हणणारे पक्षकार नोंदी दाखल करण्याची तसदीच घेत नाहीत आणि ताब्याच्या मुद्द्यावर हरतात. पीकपाहणीच्या सलग नोंदी, सारा भरल्याच्या पावत्या, पाणीपट्टी, विहिरीची नोंद, हे सगळे ताब्याचे पुरावे आहेत आणि ताबा ही दिवाणी दाव्यातली मोठी ताकद आहे. जमीन ज्याच्या ताब्यात आहे तो मालक नाही असे म्हणणाऱ्यावर ते सिद्ध करण्याचा भार असतो. पुरावा अधिनियमाचे हे कलम ११०, जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ११३ म्हणून आले आहे. एखाद्याचा शांत, स्थिर ताबा असेल तर खऱ्या मालकालाही तो कायद्याच्या मार्गानेच काढावा लागतो, हे २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा ठळक केले. ताबा बळाने हिरावला गेला तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांत दावा लावून, मालकीचा प्रश्न न काढता, तो परत मिळवता येतो.

सातबाऱ्याविषयीचा भ्रम वाढण्याचे एक कारण न्यायालयाच्या आवारातच आहे. दावा दाखल होताच तात्पुरत्या मनाईचा अर्ज, वकिली भाषेत निशाणी ५चा अर्ज, येतो. त्या टप्प्यावर न्यायालय प्रथमदर्शनी बाजू पाहते आणि हातात असतो तो मुख्यतः उतारा. साहजिकच ज्याचे नाव त्याच्या बाजूने मनाई हुकूम बऱ्याचदा मिळतो. पक्षकार पेढे वाटतो. गावात बातमी जाते की केस जिंकली. पुढे मुद्दे निघतात, शपथपत्रे होतात, उलटतपासणीत 'जमीन तुमच्याकडे कशी आली' एवढाच प्रश्न विचारला जातो आणि उत्तरादाखल पुन्हा उतारा पुढे येतो. अंतिम निकाल उलट लागला की न्यायाधीशाला दोष दिला जातो. प्रत्यक्षात दोन टप्प्यांवर दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे दिली गेलेली असतात.

'जमीन तुमच्याकडे कशी आली' या प्रश्नाचे योग्य उत्तर दस्तापासून सुरू होते. शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच होते, असे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२चे कलम ५४ सांगते, आणि साठेखताने मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण होत नाही हेही तेच कलम सांगते. साठेखत, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र असे त्रिकूट करून 'विक्री' उरकण्याच्या प्रथेला सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात २०११ मध्ये नकार दिला. बक्षीसपत्रालाही नोंदणी आणि दोन साक्षीदार लागतात. मृत्युपत्राला नोंदणी सक्तीची नाही, पण ते सिद्ध करायला किमान एक साक्षीदार, तो हयात आणि उपलब्ध असेल तर, साक्षीला यावाच लागतो. मृत्युपत्र नोंदणीकृत आहे म्हणून साक्षीदाराची गरज नाही, ही कल्पना अनेक दाव्यांत घातक ठरली आहे.

मात्र नोंदणीकृत खरेदीखत हेही शेवटचे उत्तर नव्हे, आणि इथे सातबाऱ्यावर टीका करणारे पुष्कळजण स्वतः घसरतात. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, मालकी तपासत नाही. तमिळनाडूने निबंधकाला विक्रेत्याची मालकी तपासण्याचा अधिकार देणारा नियम केला होता. तो सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये मूळ नोंदणी कायद्याशी विसंगत म्हणून रद्द केला. ज्याच्याकडे हक्क नाही त्याने खरेदीखत करून नोंदवले तरी घेणाऱ्याच्या हाती काहीच येत नाही. म्हणून विक्रेत्याकडे जमीन कशी आली, त्याच्या विक्रेत्याकडे कशी आली, अशी साखळी मागे नेत जावी लागते. ती कुठवर न्यायची याला कायद्यात आकडा नाही. तीस वर्षांचा शोध ही व्यवहारातली सवय आहे. कडी कुठे तुटली तर बाकीच्या कड्या कितीही चकचकीत असोत, न्यायालय तुटलेल्या कडीपाशीच थांबते.

दस्त दाखल करणे आणि दस्त सिद्ध करणे यांतही अंतर आहे. मूळ दस्त हरवला असेल तर तो कसा हरवला हे सांगून मगच प्रमाणित नक्कल दुय्यम पुरावा म्हणून येते. तीस वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यातून आला तर त्यावरची सही आणि लिखाण खरे मानता येते, पण ही सवलत मूळ दस्ताला आहे, नकलेला नाही, आणि दस्तातला मजकूर सत्य आहे असे तिने ठरत नाही. घरातल्या ट्रंकेतून निघालेला मोडी कागद लिप्यंतर करून दाखल केला की काम झाले, असे समजणाऱ्यांना हा फरक उशिरा कळतो. पक्षकार स्वतः साक्षीला न उभा राहता मुखत्याराला पाठवतो, तेव्हाही अडचण होते. ज्या गोष्टी पक्षकारालाच माहीत आहेत त्यांची साक्ष मुखत्यार देऊ शकत नाही आणि साक्ष टाळणाऱ्या पक्षकाराविरुद्ध न्यायालय प्रतिकूल अनुमान काढू शकते.

या सगळ्याच्या वर एक नियम आहे आणि तो पाळला जात नाही म्हणूनच सर्वाधिक दावे पडतात: वादीने स्वतःच्या मालकीच्या बळावर जिंकायचे असते, प्रतिवादीच्या कमकुवतपणावर नव्हे. वासवी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तो पुन्हा लागू केला. सिकंदराबादजवळच्या जमिनीवर संस्थेने निजामाच्या काळातील सेतवार आणि इतर महसुली नोंदींच्या आधारे दावा सांगितला होता. समोर केंद्र सरकार आपल्या लष्करी जमिनींच्या नोंदवहीवर विसंबून होते. खालच्या न्यायालयांनी केंद्राच्या नोंदवहीतील उणिवांकडे बोट दाखवून संस्थेला यश दिले, सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवले. प्रतिवादीची नोंदवही कच्ची असली म्हणून वादीची पक्की होत नाही. मराठवाड्यात सेतवार आणि खासरा पाहणी पत्रकावर भिस्त ठेवणाऱ्या पक्षकारांना हा निकाल थेट लागू पडतो, कारण तो मुलूखही त्याच निजामी महसूल व्यवस्थेतून आला आहे. अर्थात दिवाणी दाव्यात फौजदारीइतका निर्विवाद पुरावा लागत नाही. वादीने उच्च प्रतीची संभाव्यता दाखवली की भार प्रतिवादीकडे सरकतो. पण आधी तो सरकवावा लागतो.

मालकी सिद्ध झाली तरी कोणत्या जमिनीची, हा प्रश्न उरतोच. दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार दाव्यात मिळकतीचे वर्णन ओळखता येईल असे द्यावे लागते, आणि नेमक्या याच जागी महाराष्ट्रातील दावे गुंततात. १९४७च्या कायद्याखालील एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबरांचे गट झाले, त्यात क्षेत्रे कमी-जास्त झाली, काही ठिकाणी शेजाऱ्यांची अदलाबदलही झाली. खरेदीखत जुन्या सर्व्हे नंबराचे, उतारा गटाचा आणि वहिवाट तिसऱ्याच बांधापर्यंत, असा मेळ बसवायचा असतो. त्यासाठी आकारबंद, टिपण, गुणाकार बुक, फाळणी बारा, कमी-जास्त पत्रक हे भूमी अभिलेख खात्यातले कागद उताऱ्याहून अधिक बोलतात. अतिक्रमणाच्या दाव्यात तर मोजणीशिवाय एक पाऊलही पुढे पडत नाही. खासगी मोजणीचा नकाशा पुरत नाही, भूमी अभिलेख अधिकाऱ्याला कोर्ट कमिशनर नेमून संयुक्त मोजणी करून घ्यावी लागते आणि ती करणाऱ्याची साक्षही घ्यावी लागते. चतुःसीमा आणि क्षेत्र यांत विसंगती असेल तर कोणते ग्राह्य धरायचे यावरच वर्षे जातात.

मागणी चुकली तरी दावा पडतो. मालकीवर गंभीर वाद असताना फक्त निरंतर मनाई मागणे पुरत नाही. ताबा असेल तर मालकी जाहीर करून मनाई, ताबा नसेल तर मालकी जाहीर करून ताबा, असे मागावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ही विभागणी नीट मांडून दिली आहे. मोकळ्या, न कसलेल्या जमिनीत ताबा मालकीमागे जातो, म्हणून तिथे तर मालकीचे कागदच निर्णायक.

मुदतीचा हिशोब याहून कठोर. नुसत्या घोषणेला तीन वर्षे, मालकीच्या आधारे ताबा मागायला बारा. सातबाऱ्याच्या भ्रमाची खरी किंमत इथे मोजावी लागते. फेरफार विरुद्ध झाला की पक्षकार प्रांताकडे अपील करतो, तिथून अपर जिल्हाधिकारी, मग आयुक्त, मग मंत्रालय. दहा-बारा वर्षे नोंद फिरवण्यात जातात आणि हक्क ठरवून घेण्याचा दिवाणी दावा लावायचे राहून जाते. महसुली अपिलात गेलेला काळ मुदतीतून आपोआप वजा होत नाही. समोरच्याचा उघड, अखंड आणि विरोधी ताबा बारा वर्षे टिकला तर मूळ मालकाचा हक्कच नष्ट होतो, आणि २०१९ पासून असा ताबेदार वादी म्हणूनही तो हक्क सांगू शकतो. विरोधी ताब्याच्या या कायद्यावर सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये कडक ताशेरे ओढले होते, पण विधी आयोगाने २०२३च्या आपल्या २८०व्या अहवालात बदल नको असे सांगितले. विरोधी ताब्याचा दावा करणाऱ्याला मात्र समोरचा मालक आहे हे गृहीत धरावे लागते. 'मीच मूळ मालक आणि शिवाय माझा विरोधी ताबा' अशी दुहेरी चूल मांडली की दोन्ही विझतात.

एक खरा अपवाद मान्य केलाच पाहिजे, आणि तो सातबारावादी क्वचितच पुढे करतात. १९४८च्या कूळ कायद्यात १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी कूळ कायद्याने जमिनीचा खरेदीदार मानला गेला, किंमत कलम ३२-ग खाली ठरली आणि ती भरल्यावर ३२-म चे प्रमाणपत्र मिळाले. हे प्रमाणपत्र खरेदीचा निर्णायक पुरावा असल्याचे कायदाच म्हणतो. मराठवाड्यात हैदराबादच्या १९५० च्या कायद्याखालील ३८-ई प्रमाणपत्राचेही तसेच. इथे महसुली अधिकाऱ्याचा कागद खरोखर मालकीचा कागद आहे, कारण त्यामागे कायद्याने केलेले हस्तांतरण आहे. कोणी कूळ होता की नाही हा प्रश्नही दिवाणी न्यायालय स्वतः ठरवू शकत नाही, कलम ८५-अ प्रमाणे तो तहसीलदाराकडे पाठवावा लागतो. पण याने सातबाऱ्याचा दावा बळकट होत नाही. प्रमाणपत्र नसताना केवळ कुळाच्या रकान्यातील नावावर मालकी सांगणाऱ्याचे काम त्यामुळे उलट अवघडच होते.

राहिला डिजिटल उतारा. केंद्राने २००८ मध्ये भूमी अभिलेख आधुनिकीकरणाचा कार्यक्रम सुरू केला तेव्हा निर्णायक मालकी हे त्याचे घोषित उद्दिष्ट होते. महाराष्ट्रात ई-फेरफार आला, उतारे ऑनलाइन झाले, ई-पीक पाहणी आली. याने नक्कल मिळवण्याचा हेलपाटा वाचला आणि हाताने खाडाखोड करण्याची सोय गेली, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु डिजिटल सही उतारा अधिकृत असल्याची हमी देते, नोंद बरोबर असल्याची नव्हे. १९७२ साली चुकीच्या वर्दीवर बसलेले नाव २०२५ मध्ये क्यूआर कोडसह छापले गेले, एवढेच. गोव्यात तर जुन्या कागदांवरच्या आंधळ्या विश्वासाची दुसरी बाजू दिसली. तिथे एक-चौदाच्या, म्हणजे तिथल्या सातबाऱ्यासारख्या, उताऱ्यापेक्षा पोर्तुगीजकालीन नोंदणीतील वर्णन-इन्स्क्रिप्शनला अधिक वजन आहे. जुन्या दस्तांत बनावट कागद घुसवून जमिनी लाटल्याच्या तक्रारी वाढल्यावर गोवा सरकारला २०२२ मध्ये विशेष तपास पथक आणि निवृत्त न्यायाधीशांचा आयोग नेमावा लागला.

सातबारा खरोखर मालकीचा दाखला व्हावा असे वाटत असेल तर त्याला दुसरा कायदा लागतो. दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स यांनी १८५८ मध्ये आणलेल्या पद्धतीत नोंदवहीतील नाव हीच मालकी असते, कारण सरकार ती नोंद तपासून करते आणि चूक झाली तर नुकसानभरपाई देते. या हमीशिवाय निर्णायक मालकी म्हणजे चुकीच्या नोंदीवर कायमचा शिक्का. राजस्थानने २०१६ मध्ये शहरी जमिनींपुरता मालकी प्रमाणनाचा कायदा केला, नीती आयोगाने २०२० मध्ये राज्यांसाठी आदर्श मसुदा दिला. आंध्र प्रदेशाने त्या दिशेने केलेला कायदा ऑक्टोबर २०२३ मध्ये अमलात आला, नोंदणी अधिकाऱ्याला दिलेल्या व्यापक अधिकारांवरून आणि दिवाणी न्यायालयांना बाजूला सारल्यावरून वकिलांनी त्याला विरोध केला, तो २०२४च्या विधानसभा निवडणुकीत प्रचाराचा मुद्दा झाला, आणि नव्या सरकारने त्याच वर्षी तो रद्द केला. महाराष्ट्रात अशी हमी देणारा कायदा नाही. उताऱ्यावरील चूक निघाली तर नुकसान सोसणाऱ्याला भरपाई देण्याची जबाबदारी संहितेने शासनावर टाकलेली नाही, आणि नोंद लावण्याबाबत शासनाविरुद्ध दावा लावण्यालाही कलम १५८ ने आडकाठी केली आहे. खासगी पक्षांमधला हक्काचा वाद ठरवण्याचे काम त्यामुळे दिवाणी न्यायालयाकडेच आहे.